मागच्या वेळी प्रीएक्लॅम्पसिया झाला होता, आता दुसरं बाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलं, लघवीतून प्रोटीन गेलं, बाळ लवकर काढावं लागलं. यालाच प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. आता पुन्हा दिवस राहिलेत किंवा राहावेत असं वाटतंय, अशांसाठी हे पान आहे. गोळ्यांची मात्रा दिली आहे ती डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून, स्वतःच्या मनाने सुरू करण्यासाठी नाही.

मागच्या वेळी झाला म्हणजे या वेळी होणारच का?

नाही. बहुतेकींना पुन्हा होत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत दिलेला हिशेब असा: सरसकट पाहिलं तर साधारण सहाजणींत एकीला पुन्हा होतो. मागचं बाळंतपण त्यामुळे ३४ ते ३७ आठवड्यांत करावं लागलं असेल तर चौघींत एकीला, आणि २८ ते ३४ आठवड्यांत करावं लागलं असेल तर तिघींत एकीला. म्हणजे बीपी किती चढलं होतं यापेक्षा ते कितव्या आठवड्यात चढलं होतं हे जास्त महत्त्वाचं. ३९व्या आठवड्यात १५०/१०० झालेली आणि ३०व्या आठवड्यात १५०/१०० झालेली, या दोघींची पुढची वाट वेगळी असते. पुन्हा झालाच तर तो बऱ्याचदा मागच्यापेक्षा उशिरा आणि सौम्य येतो. पण त्या भरवशावर तपासण्या सोडायच्या नाहीत.

मधुमेह, किडनीचा आजार, आधीपासूनचं बीपी, ल्युपस, जास्त वजन किंवा पोटात जुळं असेल तर हा धोका आणखी वाढतो.

जुन्या फाइलमध्ये नेमकं काय शोधायचं?

डिस्चार्ज कार्डावर बहुधा एकच ओळ असते: ‘पीआयएचमुळे (गरोदरपणात वाढलेल्या बीपीमुळे) सिझेरियन’. तेवढ्याने नव्या डॉक्टरांचं भागत नाही. त्यांना हे लागतं: बीपी पहिल्यांदा वाढलं तो आठवडा, बाळंतपणाचा आठवडा, सर्वांत जास्त बीपी, लघवीतलं प्रोटीन, प्लेटलेट किती खाली गेल्या, एसजीओटी-एसजीपीटी (यकृताची एन्झाइम) आणि क्रिएटिनिन (किडनीची चाचणी), झटके आले होते का, ते रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट दिलं होतं का, बाळाचं जन्मवजन, आणि बीपीची गोळी बाळंतपणानंतर कधी थांबली.

यातलं बरंच काही दवाखान्याच्या आतल्या केसपेपरवर असतं. त्याची प्रत मागता येते. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरांनी नोंदी ३ वर्षं ठेवायच्या असतात आणि मागणी केल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार अजून लांब असला, तरी प्रत आताच काढून ठेवा.

दोन बाळांत किती अंतर ठेवायचं? आधी कोणत्या तपासण्या करायच्या?

जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान २४ महिने थांबायला सांगते. पण फार थांबण्यातही फायदा नाही. अंतर दहा वर्षांच्या आसपास गेलं की धोका पुन्हा पहिलटकरणीइतका होतो.

आधीच्या तपासण्यांत बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन येतात. मागच्या वेळी ३४ आठवड्यांच्या आत बाळ काढावं लागलं असेल, तर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची (रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणाऱ्या अँटिबॉडीची) तपासणीही करतात. ती एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच घाबरायचं नाही. १२ आठवड्यांनी पुन्हा केल्यावरही पॉझिटिव्ह आली तरच निदान पक्कं होतं. मग ॲस्पिरिनच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारी हेपरिनची इंजेक्शनं लागतात.

बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव आधी पाहा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीवर परिणाम होतो. त्या वेळेत बदलून घ्याव्या लागतात. पण घाबरून गोळीच बंद केली तर बीपी उसळतं. बदलायची म्हणजे एक थांबवून दुसरी लगेच सुरू करायची.

ॲस्पिरिन कधीपासून, किती आणि कशासाठी?

या आजाराचं मूळ वारेत आहे. पहिल्या चार-साडेचार महिन्यांत वार गर्भाशयात रुजते, आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. त्या अरुंद राहिल्या की वारेला रक्त कमी पडतं, आणि त्याचे पडसाद पुढे आईच्या रक्तवाहिन्यांवर, किडनीवर, यकृतावर उमटतात. बीपी सातव्या-आठव्या महिन्यात वाढतं, पण बिघाड तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झालेला असतो. म्हणून ॲस्पिरिन १२ आठवडे झाल्यावर आणि शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू करतात. सातव्या महिन्यात सुरू केलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ ही रीत घरापुरती ठेवा. पाळी चुकल्याची खात्री झाली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि ‘मागच्या वेळी प्रीएक्लॅम्पसिया झाला होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

मात्रेबद्दल मार्गदर्शिकांत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटना ७५ मि.ग्रॅ. सांगते, नाइस ७५ ते १५० आणि अमेरिकेत ८१. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्रे या चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मि.ग्रॅ. दिलं. ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. ३७ आठवड्यांनंतर होणारा मात्र लक्षणीय कमी झाला नाही. आपल्याकडे ७५ आणि १५० या दोन्ही गोळ्या मिळतात. परदेशात असाल तर तिथली गोळी ७५ की ८१ ते पाहून डॉक्टरांना विचारा.

गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची. वरचं आवरण पोटाला त्रास होऊ नये म्हणून असतं, त्यामुळे ती चावायची किंवा फोडायची नाही. एखाद्या रात्री राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. मात्र वारंवार राहिली तर उपयोग उरत नाही. ३६ आठवड्यांना किंवा बाळंतपणाच्या वेळी ती थांबवतात. एवढ्या मात्रेमुळे पाठीतून भूल द्यायला अडचण येत नाही.

मेडिकलमधून आणताना पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. हृदयरोगाच्या पेशंटसाठी ॲस्पिरिनसोबत ॲटोर्व्हास्टॅटिन किंवा क्लोपिडोग्रेल असलेल्या गोळ्याही जवळपास त्याच नावाने, मागे एखादं अक्षर किंवा शब्द जोडून विकल्या जातात. तुम्हाला फक्त ॲस्पिरिन हवी. ॲस्पिरिनची ॲलर्जी, तिने वाढणारा दमा किंवा पोटातला अल्सर असेल तर गोळी सुरू करण्याआधी सांगा.

‘रक्त पातळ होऊन बाळ पडेल’ ही भीती घरोघर असते. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनमुळे गर्भपात होतो असं दिसलेलं नाही.

कॅल्शियमची गोळी तर सगळ्यांनाच देतात. त्यात वेगळं काय?

आहारात कॅल्शियम कमी असलेल्यांत ते दिल्याने प्रीएक्लॅम्पसिया कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना अशांसाठी रोज १.५ ते २ ग्रॅम सांगते. आपल्या सरकारी कार्यक्रमात १४ आठवड्यांपासून ५०० मि.ग्रॅ.ची गोळी दिवसातून दोनदा, म्हणजे १ ग्रॅम देतात आणि बाळंतपणानंतर ६ महिने चालू ठेवतात. बंगळुरू आणि टांझानियात झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२४ साली आले. प्रीएक्लॅम्पसिया टाळण्यात ५०० मि.ग्रॅ. हे १५०० मि.ग्रॅ.च्या तुलनेत कमी पडलं नाही. तेव्हा मोठी मात्रा सोसत नसेल तर गोळी पूर्ण सोडण्यापेक्षा थोडी घेतलेली बरी.

पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.’ लिहिलेलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. असतं. कॅल्शियम जेवणाबरोबर घ्या. लोहाची लाल गोळी त्याच्यासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही, म्हणून दोन्हींत किमान दोन तास ठेवा. सोपी पद्धत: सकाळ-रात्रीच्या जेवणाला कॅल्शियम, दुपारी जेवणानंतर दोन तासांनी लोह. लोहानंतर लगेच चहा नको.

घरी बीपी कसं मोजायचं?

दंडावरचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. गरोदरपणासाठी तपासून प्रमाणित केलेलं मॉडेल असेल तर उत्तम, कारण काही स्वयंचलित मशीन प्रीएक्लॅम्पसियात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. आणल्यावर पहिल्या भेटीत ते दवाखान्यात न्या आणि तिथल्या उपकरणाशी ताडून पाहा.

सर्वांत जास्त चूक पट्ट्याच्या मापात होते. दंडाच्या मध्यावर शिंप्याच्या टेपने घेर मोजा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सें.मी.साठी असतो, त्याहून जाड दंडाला मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. लहान पट्ट्यावर बीपी खोटंच जास्त दिसतं, आणि मग नको ती धावपळ होते.

मोजण्याआधी लघवीला जाऊन या. चहा-कॉफी होऊन अर्धा तास झालेला असावा. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पायांची घडी नको, फोन नको. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर. हात लोंबकळत राहिला की आकडा वाढतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. ‘१३८ आलं, म्हणजे १३०च धरू’ असं करायचं नाही.

किती वेळा? २० आठवड्यांपर्यंत आठवड्यातून एकदा पुरे, नंतर दोन-तीनदा. मागच्या वेळी ज्या आठवड्यात सुरू झालं होतं त्याच्या तीन आठवडे आधीपासून रोज. कॅलेंडरवर त्या तारखेला आताच खूण करून ठेवा.

किती आकडा आला की काय करायचं?

घरी १३५/८५ किंवा जास्त येत राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १४०/९० म्हणजे तपासणी आणि रक्त-लघवीच्या चाचण्या. १६०/११० आला तर १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच आला तर काही त्रास होत नसला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. वरचा आणि खालचा यांतला एकच वाढला तरी तो धरायचाच.

चौथ्या-पाचव्या महिन्यात बीपी सगळ्यांचंच थोडं उतरतं. त्यामुळे आधीपासून बीपी असलेल्या बाईचंही तेव्हा ठीक दिसू शकतं. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांतला आकडा लिहिलेला हवा, पुढचं सगळं त्याच्याशी ताडायचं असतं.

लघवीत ‘ट्रेस’ किंवा ‘एक प्लस’ आलं तर?

अंगावरून पांढरं जात असेल किंवा लघवीत जंतुसंसर्ग असेल तरी पट्टीवर प्रोटीन दिसतं. स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून मधली लघवी द्या. एक प्लस किंवा जास्त आलं तर प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करतात. तो ०.३ किंवा अधिक असला तर प्रोटीन खरंच जातंय. मात्र उलट गोष्टही लक्षात ठेवा: लघवी स्वच्छ असूनही प्रीएक्लॅम्पसिया असू शकतो. बीपी वाढलेलं आणि त्यासोबत प्लेटलेट एक लाखाच्या खाली, यकृताची एन्झाइम दुप्पट किंवा क्रिएटिनिन १.१च्या वर गेलं, तरी निदान तेच.

सोनोग्राफी किती लागतात?

११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी) करायला सांगा. तो पुन्हा २० ते २४ आठवड्यांत बघता येतो. मोठ्या शहरांत पीएलजीएफ (वारेतून येणारं एक प्रोटीन) ही रक्तचाचणीही होते. मात्र मागचा प्रीएक्लॅम्पसिया असेल तर रिपोर्ट काहीही येवो, ॲस्पिरिन बहुधा द्यायचीच असते. त्यामुळे चाचणी परवडत नाही म्हणून गोळी लांबवू नका. २८ आठवड्यांपासून साधारण दर चार आठवड्यांनी बाळाची वाढ, पाणी आणि नाळेचा डॉप्लर पाहतात. मागचं लवकर झालं असेल तर हे आधीच सुरू होतं.

मीठ बंद करायचं का? पूर्ण आराम करायचा का? काढे चालतात का?

मीठ तोडल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही. पापड-लोणचं-फरसाण बेताने खा, पण अळणी जेवण नको. झोपून राहण्यानेही तो टळत नाही, उलट पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज अर्धा तास चाला. सी आणि ई जीवनसत्त्वाच्या जास्तीच्या गोळ्यांचा उपयोग झालेला नाही.

जेष्ठमध मात्र टाळा. खोकल्याच्या काढ्यांत आणि चघळायच्या गोळ्यांत ते असतं आणि ते खरोखर बीपी वाढवतं. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिनही तसंच. अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको, पॅरासिटामॉल चालतं.

बीपीच्या गोळ्यांनी बाळाला त्रास होईल का?

लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा या तीन गोळ्या गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात आहेत. दमा असेल तर लॅबेटालॉल टाळतात. निफेडिपिन हळूहळू विरघळणारी असते. ती फोडायची नाही, जिभेखाली तर अजिबात ठेवायची नाही, बीपी एकदम कोसळून बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. सुरुवातीला डोकं दुखणं किंवा चेहरा गरम होणं हा तिचाच परिणाम असू शकतो. पण डोकेदुखी गोळीमुळेच आहे हे घरबसल्या ठरवू नका, आधी बीपी मोजा.

या गोळ्या आईचं बीपी आटोक्यात ठेवतात. आजार मागे हटत नाही. आकडा नॉर्मल आला म्हणून रक्त-लघवीच्या तपासण्या सोडायच्या नसतात.

कोणत्या लक्षणांना थांबायचं नाही?

पॅरासिटामॉलने न जाणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, धाप लागणं, लघवी कमी होणं, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. पायावरची सूज बहुतेकींना येते. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला असेल, बोटातली अंगठी निघत नसेल किंवा आठवड्यात वजन किलोभराहून जास्त वाढलं असेल, तर बीपी मोजा.

एका लक्षणाबद्दल जरा जास्त सांगायला हवं. छातीच्या खाली, मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली दुखतं, मळमळतं, उलटी होते. घरात सगळे म्हणतात, ‘पित्त झालंय, थंड दूध घे.’ अँटासिड घेऊन रात्र काढली जाते. हे यकृताचं दुखणं असू शकतं. हेल्प सिंड्रोममध्ये, म्हणजे यकृत आणि प्लेटलेटवर परिणाम करणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाच्या गंभीर प्रकारात, असंच होतं, आणि कधीकधी तेव्हा बीपीही फारसं वाढलेलं नसतं. २० आठवड्यांनंतर असं दुखलं तर सीबीसी आणि यकृताच्या चाचण्या त्याच दिवशी करायच्या, रात्र असली तरी.

बाळंतपण कुठे करायचं? माहेरी जाऊ का?

रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळाचं आयसीयू जवळ आहे तिथे. माहेर तसं असेल तर जरूर जा, पण मागच्या वेळी ज्या आठवड्यात त्रास सुरू झाला त्याच्या आधी जा. डोहाळजेवण उरकून आठव्या महिन्यात एसटीने आठ तास, हे नको. तिथल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच एकदा दाखवून या, फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. आशाताईंना मागचा इतिहास सांगा, म्हणजे जोखमीच्या मातांच्या यादीत नाव जातं. १०८ कुठल्या हॉस्पिटलला नेईल आणि किती वेळ लागतो, हे आधीच विचारून ठेवा. झटक्यांचा धोका असेल तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस पाठवण्यापूर्वीच द्यायचा असतो, नातेवाइकांनी त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

बाळ कधी काढतात? सिझेरियनच होतं का?

प्रीएक्लॅम्पसिया झालाच आणि सौम्य असला तर ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर. तीव्र असला तर बहुधा ३४ आठवड्यांपर्यंत दाखल ठेवून, आणि आई किंवा बाळ अडचणीत असेल तर त्याआधीही. लवकर काढायचं असेल तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला इंजेक्शनं देतात: डेक्सामेथासोन ६ मि.ग्रॅ., १२ तासांच्या अंतराने चार. प्रीएक्लॅम्पसिया हे एकटंच सिझेरियनचं कारण नाही, कळा आणून नॉर्मल बाळंतपण करता येतं. मागचं सिझेरियन असेल तर टाक्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

लेबर रूममध्ये आठवणीने सांगा: बीपी वाढलेलं असताना रक्तस्राव थांबवायला मेथर्जिन देत नाहीत, ऑक्सिटोसिन चालतं.

बाळ झालं, आता सुटलो?

अजून नाही. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सर्वांत वर जातं, आणि नेमकी तेव्हाच घरी सुट्टी मिळालेली असते. बाळंतिणीचं डोकं दुखतं, सगळे जागरणावर किंवा पाठीतल्या इंजेक्शनवर ढकलतात. झटके या दिवसांतही येतात. पहिले सात दिवस रोज दोनदा मोजा, मग सहा आठवड्यांपर्यंत आठवड्यातून दोनदा. १५०/१००च्या वर गेलं तर गोळी बदलावी किंवा वाढवावी लागते. लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि एनालाप्रिल अंगावर पाजताना चालतात. मिथाइलडोपाने मन उदास होऊ शकतं, म्हणून बाळंतपणानंतर ती दोन दिवसांत बदलतात.

पाळणा लांबवायला तांबी किंवा सेंटक्रोमनची ‘छाया’ गोळी सोयीची, दोन्हींत हॉर्मोन नाही. बीपी वाढलेलं असेपर्यंत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत.

पुढे आयुष्यभर काही पाहायचं का?

वर्षातून एकदा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांत पुढे बीपी, हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त असतं. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी पन्नाशीत, तरी हा इतिहास सांगा. आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर लघवी पुन्हा तपासा. तेव्हाही प्रोटीन जात असेल तर ते बाळंतपणाचं उरलंसुरलं नव्हे. किडनीतज्ज्ञांना दाखवायला हवं.